व्हिडिओ अडकतोय, बघ जरा

आयटीत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव असणार. ऑफिसात तुम्ही जावा लिहा नाहीतर टेस्टिंग करा, घरच्यांच्या लेखी तुम्ही फक्त "कॉम्प्युटरवाले". प्रिंटर, वायफाय, सेट टॉप बॉक्स, सगळं आपल्याच गळ्यात. आपणही कंटाळलो की एक ठरलेलं उत्तर देतो, "जुना झालाय, नवीन घ्या". सोपं आहे ना! पैसे दुसऱ्याचे असले की अजूनच सोपं.

मागच्या महिन्यात सांगलीला घरी गेलो तर असंच एक काम वाट बघत होतं. ताई जर्मनीत असते. तिच्या मुलीच्या बारशाला आजीला जाणं शक्यच नव्हतं, वय ८४. म्हणून ताईने बारशाचा सहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. आजीच्या डोळ्यांना फोनवर काही नीट दिसत नाही. टीव्ही पेन ड्राइव्हवरची ती फाईल ओळखायलाच तयार नाही. राहिला बाबांचा कॉम्प्युटर, म्हणजे मी अकरावीत असताना, २०१४ मध्ये, त्यांनी पीएफमधून पैसे काढून माझ्यासाठी घेतलेला डबा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. मी पहिला सी प्रोग्रॅम यावरच लिहिला.

व्हिडिओ लावला. आवाज व्यवस्थित, पाळण्याची गाणी चालू, चित्र मात्र दोन सेकंद गोठायचं, मग एकदम उडी मारायचं. आजी खुर्ची पुढे ओढून बघत होती. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "पोर हलत का नाही रे? बरं आहे ना तिला?"

काय बोलणार!

बाबांनी आधीच गल्लीतल्या दुकानदाराला विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला, "रॅम वाढवा, नाहीतर सरळ नवीनच घ्या." बाबा पेन्शनवर, पण नातीसाठी नवीन घ्यायच्या तयारीत. म्हटलं, थांबा. आधी दुखतंय कुठे ते बघू, मग ऑपरेशन.

पहिला संशयित पेन ड्राइव्ह. फाईल साधारण २.४ जीबी, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७ एमबी वाचायचे. तेवढं जुनी हार्ड डिस्कही आरामात देते. तरी फाईल डिस्कवर कॉपी करून बघितली. फरक शून्य.

दुसरी शंका धुळीची. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो. कॅबिनेट उघडून रंगाच्या ब्रशने पंखा साफ केला (आईच्या शिव्या खात). पंख्याची घरघर थांबली, व्हिडिओचं अडकणं तसंच.

मग टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर १००%. ग्राफिक्समधला व्हिडिओ डिकोडचा आलेख मात्र आडवा, शून्यावर. लगेच एक जुना एचडी व्हिडिओ लावून बघितला. तो लोण्यासारखा चालला, प्रोसेसर निवांत, आणि डिकोडचा आलेख वर. म्हणजे मशीन धडधाकट आहे, भानगड या फाईलमध्येच आहे.

व्हीएलसीमध्ये कंट्रोल-जे दाबलं की फाईलची कुंडली दिसते. एचईव्हीसी, ३८४० बाय २१६०, सेकंदाला ६० फ्रेम. इथेच सगळा उलगडा झाला.

थोडक्यात सांगतो. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच बरचसं लिहून ठेवतात, आणि बघताना कॉम्प्युटर ते परत जुळवतो. ही जुळवाजुळव करायला चिपमध्ये वेगळं सर्किट असतं. पण ते सर्किट ठराविकच भाषा जाणतं. एच.२६४ ही भाषा २००३ सालची, ती बाबांच्या मशीनला येते. एचईव्हीसीचं प्रमाण आलं २०१३ मध्ये, आणि तिचं पूर्ण सर्किट या घराण्यात सहाव्या पिढीत, २०१५ मध्ये बसलं. आपला डबा त्याच्या आधीचा. मग सगळं ओझं प्रोसेसरच्या दोन कोअरवर. एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल, सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे जवळजवळ ५० कोटी पिक्सेल. एका फ्रेमला वेळ मिळतो १६.७ मिलिसेकंद. नाही जमलं की प्लेयर फ्रेम टाकून देतो आणि आवाजाबरोबर राहायला पुढे उडी मारतो. रॅम १६ जीबी केली असती तरी हेच झालं असतं.

आणि गंमत बघा, बाबांचा मॉनिटर आहे १९२० बाय १०८०. म्हणजे ८३ लाख पिक्सेल उलगडायचे आणि दाखवायचे २१ लाख!

उपाय फुकटातला. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं, एच.२६४, १०८०पी, ३० फ्रेम निवडलं आणि माझ्या लॅपटॉपवर फाईल बदलून घेतली. चहा होईपर्यंत काम झालं. बाबांच्या मशीनवर वेळ लागेल, पण रात्री लावून झोपायचं. आजीने व्हिडिओ सलग चार वेळा बघितला. आत्याने कानात "कुर्र" केल्यावर बाळ दचकतं, तिथे प्रत्येक वेळी हसली.

ताईलाही सांगितलं, आजीसाठी शूट करशील तेव्हा फोनच्या कॅमेऱ्यात १०८०पी, ३० फ्रेम आणि जास्त सुसंगत फॉरमॅट निवड. बाबांनी हँडब्रेकच्या पायऱ्या त्यांच्या डायरीत लिहून घेतल्या, प्रत्येक बटण कुठल्या कोपऱ्यात आहे त्याच्यासकट. परवा ताईने फोन बदलल्यावर पुन्हा तशीच जड फाईल आली, तर मला फोन न करता त्यांनीच बदलली.

आता हा डबा अमर आहे असं अजिबात नाही. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि ११ साठी हे मशीन पात्र नाही. म्हणून बँकेची कामं त्यावर करायची नाहीत असं बाबांना बजावलंय. कधीतरी नवीन घ्यावाच लागेल. पण तो का घेतोय हे बाबांना माहीत असेल.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी घरून "अडकतोय" असा फोन आला, तर "नवीन घ्या" म्हणायच्या आधी एकदा कंट्रोल-जे दाबून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.