याकूबच्या उतारावरचा अपुरा किल्ला
गॅलिली सरोवराच्या उत्तरेस, जेथे जॉर्डन नदीला उतार होता आणि दमास्कसचा रस्ता पलीकडे जात होता, तेथे जेरुसलेमचा कुष्ठरोगग्रस्त ख्रिस्ती राजा चौथा बाल्डविन आणि टेंपलर, म्हणजे संन्यासव्रत घेतलेल्या योद्ध्यांचा संघ, यांनी ऑक्टोबर ११७८ मध्ये शास्तले हा किल्ला बांधावयास घेतला. तो पाडावा म्हणून मुसलमान सुलतान सलाहुद्दीनने आधी ६० हजार आणि मग १ लाख दिनार देऊ केले. नकार मिळाल्यावर २४ ऑगस्ट ११७९ रोजी त्याने वेढा घातला.

या वेढ्याचे वर्णन दोन धर्मांच्या सरहद्दीवरील झुंज असे सर्रास केले जाते, आणि त्यात ‘सरहद्द’ हा शब्द जणू नकाशावरची रेघ असल्याप्रमाणे वापरला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. या स्थळाचे १९९३ पासून उत्खनन करणारे रॉनी एलेनब्लूम यांनी अशा रेघेच्या कल्पनेलाच आव्हान दिले. ११८४ मध्ये याच प्रदेशातील बानियासजवळून गेलेला प्रवासी इब्न जुबैर सांगतो की, तेथील एका खोऱ्यातील पीक फ्रँक, म्हणजे पश्चिम युरोपीय ख्रिस्ती, आणि मुसलमान निम्मे-निम्मे वाटून घेत आणि त्यांची गुरे एकत्र चरत. मात्र त्याच मार्गावरील एका ओक वृक्षाचा उल्लेखही तो करतो, ज्याच्या अलीकडे हातभर अंतरावर सापडलेला माणूस कैदी होई आणि तितकाच पलीकडे सापडलेला सुटे. म्हणजे पिकासाठी नसलेली सीमा कैद्यासाठी हातभर अंतराने मोजली जात होती. एलेनब्लूम यांचा युक्तिवाद मोलाचा असला, तरी हा वृक्ष त्यात सहजासहजी सामावत नाही, आणि सीमा कोणत्या व्यवहारासाठी, हे विचारल्यावाचून या वादाला अर्थ येत नाही.

दुसरा गैरसमज ‘सुरुंग’ या शब्दामुळे होतो. १६६० मध्ये चाकणचा बुरूज उडविणारा सुरुंग दारूचा होता. शास्तलेपाशी दारूचा संबंध नव्हता. तटाच्या पायाखाली भुयार खणून, वरचा भार लाकडी टेकूंवर तोलून, मग लाकडांना आग लावावयाची आणि टेकू जळताच तट आपल्याच वजनाने खाली आणावयाचा, अशी ही पद्धत होती. पहिले भुयार अपुरे पडून चार मीटरांहून जाड तट ढळला नाही. तेव्हा खणकऱ्यांना पुन्हा आत जाता यावे म्हणून आग विझविणे भाग पडले, आणि सलाहुद्दीनने पाण्याच्या प्रत्येक पखालीस एक दिनार देऊ केला. दुसऱ्या प्रयत्नात तटाला खिंडार पडले, आणि तिबेरियासहून कुमक पोहोचण्यापूर्वी किल्ला पडला.

विजेत्यांनी तिरंदाज आणि इस्लाम सोडून ख्रिस्ती झालेले शिपाई यांना ठार केले. असे शिपाई शिबंदीत होते, हे धर्मयुद्धाच्या सरधोपट वर्णनात क्वचितच येते. प्रेते पाण्याच्या टाक्यात टाकली गेली. पुढे रोगाची साथ पसरून सलाहुद्दीनचे काही सरदारही दगावले.

किल्ला अपुरा होता, हे विसरून त्याच्या दुर्बलतेविषयी निवाडा देणे अन्यायाचे ठरेल. उत्खननात शस्त्रांच्या जखमा असलेले सांगाडे सापडले, तसेच चुन्याच्या ढिगात बांधकामाची अवजारेही सापडली. शत्रू आला तेव्हा गवंड्यांचे काम चालूच होते.