फिरते स्मारक हवे

कॅसलरॉक सोडून गाडी घाटात उतरू लागली की डब्यातली सगळी मंडळी दूधसागर कधी दिसतो म्हणून दारा-खिडक्यांशी गर्दी करतात. त्यात चूक काहीच नाही. मी मात्र रुळांकडेला छत्री खोचून उभे असलेले गँगमन शोधते. आमचे आजोबा याच घाटात चावीवाले होते.

चावीवाला म्हणजे काय, हे आता सांगावे लागते. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवी निशाणे आणि फटाके. आपल्या हद्दीतला रूळ रोज चालून तपासायचा, सैल झालेली चावी ठोकून बसवायची. रूळ तुटलेला किंवा दरड आलेली दिसली तर पुढे धावत जाऊन रुळावर फटाके बांधायचे, म्हणजे इंजिन त्यावरून जाताच आवाज होऊन ड्रायव्हर सावध होतो. पावसाळ्यात रात्रीची गस्त वेगळी. घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट, वर धुवांधार पाऊस! आजोबा घरी येईपर्यंत आजी भाताचे भांडे चुलीवरून उतरवत नसे.

हा मार्ग पोर्तुगीजांच्या अमदानीत 1888 साली कॅसलरॉकपर्यंत पोहोचला. इंग्रज-पोर्तुगीज तह आणि लंडनची कंपनी यांची माहिती पुस्तकांत मिळते. बोगदे खोदणाऱ्यांची नावे कुठे आहेत? बोरघाटाचेही तेच. तिथे 1861 च्या सुमारास बेचाळीस हजार माणसे राबत होती. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुढे नेले, हे नोंदले गेले. कॉलऱ्याने आणि सुरुंगाने गेलेली बाकीची माणसे नुसता आकडा होऊन राहिली.

इंजिनांचे नशीब बरे. पहिल्या गाडीची साहिब, सिंध, सुलतान ही नावे शाळकरी मुलांना पाठ असतात. 1855 ची फेअरी क्वीन तर 1909 मध्ये निवृत्त होऊनही 1997 साली पुन्हा रुळावर आली आणि दिल्लीहून अलवरला प्रवासी नेऊ लागली. तिचे कौतुकच वाटते. पण फिरते स्मारक यंत्राचे होऊ शकते, तर माणसांचे का नको?

हुबळीला 2020 पासून रेल्वे संग्रहालय आहे, जरूर पाहावे. तरी करंझोळ, सोनावळीच्या गँगमध्ये काम करणाऱ्याला सुट्टी काढून तिथे जाणे कितपत जमते? म्हणून वाटते, एक जुना डबा घ्यावा. त्यात हातोडे, पाने, दिवे, हजेरीपुस्तके, जुने फोटो मांडावेत, आणि लोंढा ते वास्को प्रत्येक लहान स्टेशनावर तो एक-एक दिवस उभा करावा. बाजूला कोरी पाटी ठेवावी. ज्याला आपल्या घरचे नाव लिहायचे त्याने लिहावे. मराठीत, कानडीत, कोकणीत, तेलुगूत.

नव्वदच्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली, तेव्हाचा आजोबांचा बाद झालेला हातदिवा आमच्याकडे आहे. गोव्यातल्या एका हॉटेलवाल्याने तो शोभेसाठी मागितला होता, आईने दिला नाही. डबा निघाला तर देऊ. अट एकच: खाली ‘रेल्वेचा जुना दिवा’ असे न लिहिता आजोबांचे नाव आणि त्यांच्या हद्दीचे मैल लिहावेत.