विरता सूर

ब्रह्मपुरीच्या आसपास धानाची कापणी आटोपली, की झाडीपट्टीची नाटके रंगू लागतात. लेकीच्या वियोगाच्या प्रवेशात नटी हंबरडा फोडते, पेटीचा सूर भाता हलत असेतो तुटत नाही, आणि आम्हीही मुकाट्याने डोळे पुसतो. दुःख म्हटले की ते असे भरभरून वाजावे, अशीच आमची समजूत होती.

गेल्या वर्षी आमची मुलगी शिक्षणासाठी परदेशी गेली. त्या हिवाळ्यात एस्टोनियाच्या आर्व्हो पेर्तची ‘फ्यूर अलिना’ ही एकट्या पियानोची रचना ऐकण्यात आली. कित्येक वर्षे जवळजवळ मौनात घालविल्यावर त्याने ती १९७६ साली लिहिली. इंग्लंडात निघून गेलेल्या अलिना नावाच्या मुलीच्या आईचे सांत्वन, हा तिचा हेतू. अवघी दोन पाने. तालाचे बंधन नाही. आरंभी खर्जाचा गंभीर स्वर, मग दोन्ही हातांचे विरळ सूर. खंडागणिक एकेक सूर वाढतो, आणि पुढे तसाच एकेक कमी होतो.

पियानोचा सूर उमटताच विरू लागतो. भाता मारून त्यास जगविता येत नाही. वादकाने थांबावे, ऐकावे, एवढेच.

आम्ही मात्र दर रविवारी फोनवर भाता मारीत होतो. अभ्यास, प्रकृती, थंडी यांवरील उपदेशात मुलीला बोलण्यास जागाच उरत नसे. त्या रविवारी “कशी आहेस?” एवढे विचारून आम्ही गप्प राहिलो. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही.

मग ती म्हणाली, “बाबा, इथे फार एकटं वाटते.”