कृपया हलू नका

आमच्या बँकेत माणूस साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच असतो. त्याहून मोठा माणूस अर्जावरच्या चौकोनात मावत नाही. गेली वीस वर्षं मी ही माणसं चिकटवतोय. त्यांची सही निम्मी त्यांच्या गालावर आणि निम्मी कागदावर घेतोय. शप्पथ सांगतो, एकही माणूस आपल्या फोटोसारखा दिसत नाही. काउंटरपलीकडे हसतमुख गृहस्थ उभे असतात आणि फोटोत त्यांना नुकतंच कुणीतरी हप्ता थकल्याचं कळवलेलं असतं.

तेव्हा फोटोग्राफी ही कला आहे म्हटल्यावर शेजारच्या काउंटरवरचे सहकारी उसळले ते काही उगाच नव्हे. "काच यंत्राची, बटण यंत्राचं. माणसानं दिलं काय, तर बोट! मग आपल्याकडे अंगठा उठवणाऱ्यांनाही कलावंत म्हणा."

हेच मत बोदलेअर ह्या फ्रेंच कवीनं १८५९ साली जास्त चांगल्या फ्रेंचमध्ये मांडलं होतं. चित्रकलेत ज्यांचं जमलं नाही त्यांचा हा आसरा, तिनं कलेच्या घरी मोलकरीण म्हणून राहावं, असं त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे हाच कवी नादार नावाच्या फोटोग्राफरपुढे बसून स्वतःचे फोटो मात्र काढून घेई. मोलकरणीच्या हातचं जेवण आवडत असावं.

सुरुवातीला खरी अडचण होती वेळेची. दागेर ह्यांनी १८३८ साली पॅरिसमधल्या एका रस्त्याचा वरून फोटो घेतला. रस्ता भर वर्दळीचा, पण प्लेटवर चित्र उमटायला कित्येक मिनिटं लागत. चालती माणसं, घोडागाड्या सगळं पुसून गेलं. रस्ता पाहावा तर जणू बंद पुकारलाय. ठळक उरला तो कोपऱ्यावर पाय वर ठेवून बूट पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ, आणि त्याच्या पायाशी पॉलिशवाला. फोटोत आलेली बहुधा ही पहिली माणसं. त्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. इतिहासात जायला लढाई जिंकावी लागते असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. ह्यानं बूट पुसून घेतले!

तेव्हापासून फोटोग्राफरांचा मंत्र एकच: हलू नका. स्टुडिओत तर गिऱ्हाइकाची मान मागून लोखंडी आधारात अडकवून ठेवत. दाढीच्या खुर्चीतही मी इतका आज्ञाधारक बसत नाही.

आणि मग आल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. (आडनाव नवऱ्याचं, कॅमेऱ्याशी त्याचा संबंध नाही.) जन्म १८१५ चा, कलकत्त्याचा. १८६३ साली लेक-जावयानं त्यांना कॅमेरा भेट दिला तेव्हा बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. आपल्याकडे त्या वयात लेक-जावई आईला फार तर काशीयात्रेला पाठवतात. बाईंनी कोळशाच्या कोठारात डार्करूम केली आणि खुराड्यात स्टुडिओ. कोंबड्या मोकळ्या सोडल्या. त्या कुणी खाल्ल्या नसाव्यात अशी आशा त्यांनी स्वतःच आठवणींत व्यक्त केली आहे.

काम धिरड्यासारखं घाईचं. काचेवर औषधाचा थर ओतायचा, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा, ओली असतानाच धुवायचा. वाळली की गेली. हात-कपडे काळेकुट्ट. समोरच्यानं मात्र मिनिटंच्या मिनिटं बसून राहायचं, मग तो घरची मोलकरीण असो की टेनिसन. इतर लोक भिंग फिरवत चित्र लख्ख करीत. बाई ते सुंदर दिसलं की तिथंच थांबत. मग धूसर आलं तर आलं. जाणकारांनी नाकं मुरडली: फोकस नाही, काचेवर ओरखडे, बोटांचे ठसे! पण लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमनं १८६५ मध्येच त्यांचे फोटो विकत घेतले.

त्यांनी १८६७ मध्ये काढलेला खगोलशास्त्रज्ञ हर्शेल ह्यांचा फोटो मी एका पुस्तकात पाहिला. त्या दिवशी बाईंनी म्हाताऱ्याला केस धुवायला लावले होते म्हणतात. मागं काळोख, पांढरे केस पिंजारलेले, डोळे ओलसर. पहिल्या मिनिटाला माणूस चेहरा सांभाळतो, दुसऱ्यालाही सांभाळत असेल. पुढं त्याला कंटाळा येतो, स्वतःचं काहीतरी आठवतं, आणि मोठेपणा गळून पडतो. बाई त्याचीच वाट पाहत असाव्यात. आमच्या चौकोनातला माणूस पहिल्याच सेकंदाला उरकलेला असतो.

तो फोटो पाहिल्यावर मी घरी कपाट उपसलं. आमच्या आजीचा एकुलता एक फोटो वडिलांच्या मुंजीतला, वाड्याच्या चौकात काढलेला. सगळे देवळातल्या दगडी मूर्तींसारखे ताठ, आणि डाव्या टोकाला आजीच्या चेहऱ्याचा नुसता पांढुरका फराटा. "बाई हलल्या," म्हणून फोटोग्राफरनं हात झटकले होते. पुढं आजी गेली तेव्हा भिंतीवर लावायला त्याच फराट्यावरून एका पेंटरकडून तोंड रंगवून घेतलं. त्या तोंडाची बाई आमच्या सात पिढ्यांत नाही. तिला मात्र इतकी वर्षं चंदनाचा हार आहे.

हलला फोटो मी वडिलांसमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, कागद नाकाशी आणला आणि बराच वेळ त्या फराट्याकडे पाहत राहिले.

"चुलीवर दूध होतं," ते म्हणाले.