छत्तीस खाचा

नववीचा निकाल आणायला भाऊ गेलाच नाही. एप्रिल म्हणजे मोटरी जळण्याचा हंगाम. विहिरींचं पाणी खाली गेलेलं, वीज रात्रीची आणि तीही कमी दाबाची, त्यामुळे कऱ्हाडच्या आसपासचा निम्मा ऊस भावाच्या वाइंडिंगच्या दुकानाकडे डोळे लावून बसलेला असतो. वहिनी एकटीच शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की ओंकारला पुन्हा नववीत बसवण्यात अर्थ नाही, दहावीत घेतलं तर शाळेचा निकाल शंभराचा नव्याण्णव होईल. "बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरा. सगळ्यांच्याच सोयीचं."

वहिनी तिथून तडक माझ्याकडे आली. "वन्सं, तुम्ही बत्तीस वर्षं गणित शिकवलंत. आता तुम्हीच काय ते ठरवा."

मला त्या मुख्याध्यापकांचा राग आला, पण फार वेळ टिकला नाही. आमच्याही शाळेत दरवर्षी दोन-तीन पालकांना असा सोयीचा सल्ला दिला जायचा, तोंडी, कागदावर काही न ठेवता. त्या बैठकांना मी हजर असे. चहा आणि बिस्किटं असत.

ओंक्या पंधरा वर्षांचा. मराठीत काठावर, इतिहासात काठाच्या खाली, आणि गणिताच्या दोन्ही भागांत मिळून शंभरातले अकरा. गणिताच्या बाईंचा भाचा! सातवी-आठवीत सुट्टीला आला की मी त्याला घेऊन बसत असे. एक उदाहरण वाचायला सांगितलं की हा पानाकडे बघत राहायचा, मग खिडकीकडे, मग पाणी प्यायला उठायचा. लक्ष नाही, आळशी आहे, बापाच्या दुकानात नादावलाय, हे निदान मी तेव्हाच करून टाकलं होतं. बत्तीस वर्षांत अशी शेकड्यांनी निदानं केलेली, हात बसला होता.

१७ नंबरात मुलगा शाळेच्या बाहेर पडतो, पण मंडळ तेच, विषय तेच आणि पेपरही तेच. जे शाळेत बसून जमलं नाही ते घरी बसून जमेल असं मानायला काही आधार नव्हता. माझी एक जुनी सहकारी पुण्यात मुक्त विद्यालयाच्या अभ्यासकेंद्रावर शिकवायची. तिनं एनआयओएसचं, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं माहितीपत्रक पाठवलं. ही संस्था १९८९पासूनची, केंद्र सरकारची, आणि एवढ्या वर्षांत मी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. तिथे दहावीला पाच विषय लागतात. त्यात एक भाषा हवीच, फार तर दोन. बाकीचे आपण निवडायचे. गणित सक्तीचं नाही. पाचही विषयांना एकदम बसायची सक्ती नाही. पाच वर्षांत नऊ संधी, परीक्षा वर्षातून दोनदा, पास व्हायला तेहतीस.

'गणित सक्तीचं नाही' या ओळीखाली मी लाल पेन्सिलीनं रेघ मारली. मनाचा मोठेपणा म्हणतात तो हाच, असंही वाटून गेलं. ज्या विषयावर आपण जेवलो तो मुलाच्या सुखासाठी सोडायला निघालेली आत्या. संध्याकाळपर्यंत माझी यादी तयार होती: मराठी, हिंदी, गृहविज्ञान, चित्रकला, व्यवसाय अध्ययन. चित्रकलेत लेखीला तीस गुण आणि प्रात्यक्षिकाला सत्तर. याहून सोपं काय हवं?

ओंक्याला यादी वाचून दाखवली. तो "हं" म्हणाला.

"आवडली का?"

"तू लिवलीयस म्हणजे बरोबरच असणार की, आत्ती."

या वाक्यातला टोमणा माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

दोन दिवसांनी फॉर्मवर भावाची सही घ्यायला दुकानात गेले. बाहेर बाकावर चार शेतकरी, आत वॉर्निशचा वास, जमिनीवर उघडलेल्या मोटरी. भाऊ कुणाच्या तरी विहिरीवर गेला होता. ओंक्या मांडी घालून बसला होता, पुढ्यात रिकामा स्टेटर, आणि शेजारच्या नव्या पोराला तो सांगत होता, "छत्तीस खाचा हायत. चार पोल. एका पोलच्या वाट्याला नऊ आल्या. फेज तीन, म्हणजे एका फेजला तीन-तीन. आता ही पयली गुंडी हितं बसली तर पुढच्या पोलची कुठनं सुरू हुईल?"

पोरगं गप्प.

"धाव्या खाचंतनं. नऊ सोड आन् धाव्या."

आणि मग त्यानं तांब्याच्या तारेचा हिशेब केला. एका गुंडीला वेढे इतके, गुंड्या इतक्या, या गेजची तार किलोत किती बसेल, भंगार तांबं परत घेतलं तर गिऱ्हाइकाला किती सोडायचे. सगळं तोंडी, हातातली तार न थांबवता. मी दारात उभी. सहीचा कागद पिशवीतच राहिला.

घरी आल्यावर मी एक आगाऊपणा केला. हाच हिशेब पाठ्यपुस्तकाच्या भाषेत चार ओळींत लिहून काढला आणि रात्री जेवणानंतर त्याच्यापुढे ठेवला. त्यानं कागद घेतला. ओठ हलले. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, बोट पुढे सरकलं, परत मागे आलं. दोन मिनिटं गेली. मग तो पाणी प्यायला उठला.

मी कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. दुसरी ओळ संपायच्या आत स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. वाचता न येणाऱ्या पण चित्रं काढणाऱ्या मुलाचा 'तारे जमीन पर' हा सिनेमा २००७च्या डिसेंबरात आला, तेव्हा आमच्या शाळेतल्या सगळ्या बाई मिळून पाहायला गेलो होतो. मी रुमाल ओला होईस्तोवर रडले. पुढच्या सोमवारी आठवी 'ब'मधल्या एका मुलाला फळ्यावरचं उदाहरण वाचता येईना म्हणून मी तास संपेपर्यंत उभं केलं होतं. त्याचं नाव मला आठवत नाही. त्याची उभं राहायची पद्धत आठवते, एका पायावर भार देऊन.

ओंक्याची तपासणी करून घ्यायचं ठरलं. अशा तपासणीची व्यवस्था मुंबई-पुण्यात बरी आहे. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनसारखी संस्था मुंबईत १९९६पासून काम करते, हे मला या धावपळीत कळलं. आमच्याकडे तपासणीच्या प्रमाणपत्रासाठी चार खेपा झाल्या. एकदा डॉक्टर रजेवर, एकदा शिक्का दुसऱ्या खोलीत. आधी डोळे आणि कान तपासले. मग बुद्ध्यांक काढला, तो सरासरीहून थोडा वरच निघाला. मग वाचन, लेखन आणि हिशेबाच्या चाचण्या. वाचन तिसरी-चौथीच्या मुलाइतकं, हिशेब वयाप्रमाणे. मानसोपचारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "याचं गणित चांगलं आहे. गणिताचं मराठी याला अडतं."

प्रमाणपत्रावर 'दिव्यांग' हा शब्द पाहून वहिनीनं ते उलटं करून ठेवलं. २०१६च्या कायद्यात जे एकवीस प्रकार धरलेत त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते, म्हणून तो शब्द तिथे होता. मी तिला कायदा समजावत होते आणि ती मला विचारत होती की पुढे सोयरिकीच्या वेळी हा कागद कुणी पाहिला तर? भावाचं म्हणणं वेगळंच. पोरगा धडधाकट आहे, वीस किलोचा स्टेटर एका हातानं उचलतो, त्याला असला कागद कशाला? आठवडाभर ते प्रमाणपत्र देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात पडून होतं. शेवटी ओंक्यानंच ते काढलं, दुकानात नेऊन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं आणि माझ्याकडे दिलं. "ऑइल लागंल म्हणून," एवढंच म्हणाला.

त्या कागदावर राज्य मंडळातही सवलती होत्याच. जास्त वेळ, लेखनिक, आणि हवं तर गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित. हे अंकगणित मला सोन्यासारखं वाटलं. घाईघाईनं त्याला सांगायला गेले.

"नको."

"अरे, सुटशील!"

"सुटून काय करू? आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय. दहावीला गणित आन् विज्ञान लागतं."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"दुकानात येतात की पोरं तिथली. मी आठवीत असल्यापासनं विचारतोय."

आठवीत असल्यापासून! आणि आम्ही घरातली शहाणी माणसं चार महिने त्याच्या वतीनं विषय गाळत बसलो होतो. त्याला काय येत नाही याची यादी प्रत्येकाकडे होती. दोन वर्षांनी त्याला कुठल्या दारात उभं राहायचंय हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायची त्याची रीत नाही.

दुसरी यादी दुकानाच्या गल्ल्यावर झाली. मी माहितीपत्रक वाचत गेले, तो होय-नाही म्हणत गेला. मराठी ठेवली, भाषा हवीच होती म्हणून. हिंदी काढली. गणित आणि विज्ञान पक्के. चित्रकलेला त्यानं तोंड वाकडं केलं. "मला कुठं काय काढता येतं?" खरंच, त्याला साधा आंबा नीट काढता येत नाही. सिनेमातल्या मुलाला रंग येत होते म्हणून यालाही येणार, हा हिशेब माझा. चौथा विषय त्यानं डेटा एंट्री घेतला. हातानं लिहिताना त्याची अक्षरं उलटीपालटी पडतात, पण कळ दाबली की 'भ'चा 'म' होत नाही.

पाचव्या विषयावर बराच वेळ गेला. भावाला अर्थशास्त्र हवं होतं, ते नाव चारचौघांत सांगायला बरं म्हणून. ओंक्यानं गृहविज्ञान निवडलं. बाकावरचं एक गिऱ्हाईक हसलं, "पोरींचा विषय घेतलास व्हय रं?" ओंक्यानं मान वर केली नाही. नंतर मला म्हणाला, आईनं बारावीला तोच विषय घेतला होता, ती भाकरी करता करता वाचून दाखवील. आणि तसंच झालं. माझ्या यादीतला टिकलेला विषय मराठीखेरीज तेवढाच, आणि तोही माझ्या कारणासाठी टिकला नाही. वहिनी चुलीपाशी पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायची, जीवनसत्त्वं, कपड्यांचे तंतू, घरखर्चाचं अंदाजपत्रक, आणि मधेच थांबून स्वतःचं मत द्यायची. लग्नानंतर तिच्या हातात पुस्तक मी पहिल्यांदाच पाहिलं.

परीक्षा एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मी म्हटलं, सोपे विषय आधी दे. त्यानं गणित आणि मराठी एप्रिलला घेतले आणि उरलेले तीन ऑक्टोबरला. त्याचं कारण एप्रिलात दुकानात गर्दी, पाच विषय झेपायचे नाहीत. मग गणितच का? "ते तू शिकवणार. तू परत ल्योकाकडं बेंगळुरूला जाशील तर?" यावर मला काही बोलता आलं नाही.

शिकवणं मला नव्यानं शिकावं लागलं. मी वाचायचं, त्यानं डोळे मिटून ऐकायचं. खडू-फळा बाजूला, लांब उदाहरणाचे तुकडे करायचे. त्रिकोणमितीला सावली आणि विजेचा खांब. चिडायची सवय जात नव्हती. एकदा मी पुस्तक आपटलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आत्ती, व्होल्टेज वाढलं."

वाचक-लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. शेजारचा आठवीतला मुलगा तयार झाला, हुशार, खणखणीत आवाजाचा. आम्ही निर्धास्त झालो. पेपर सुटल्यावर दोघंही फाटकातून बाहेर आले ते एकमेकांकडे न बघता. आठवीला त्रिकोणमिती नसते. 'साइन थिटा' आलं तेव्हा त्या बिचाऱ्यानं जसं दिसलं तसं वाचलं: "इंग्रजीत एस आय एन, आणि मग मधे आडवी रेघ मारलेला शून्य." ओंक्या त्या शून्याचा अर्थ लावत बसला आणि वीस मिनिटं गेली. मी वर्षभर तोंडानं 'थिटा' म्हणत होते. तो कसा दिसतो हे त्यानं कधी नीट पाहिलंच नव्हतं, आणि मीही दाखवलं नव्हतं.

मराठीत एक्केचाळीस. गणितात एकतीस.

दोन गुणांनी. निकालाच्या दिवशी भाऊ दुकान बंद करून माझ्याकडे आला आणि बराच वेळ बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिला. ओंक्या आला नाही. एका शेतकऱ्याची मोटर संध्याकाळपर्यंत द्यायची होती.

आता ऑक्टोबरला चार विषय आहेत. जूनपासून रोज संध्याकाळी सात वाजता शेजारचा मुलगा आमच्या कट्ट्यावर येतो. तो आता नववीत गेलाय, पण ओंक्याच्या खाली कागदोपत्री अजून चालतो. मी दोघांना एका पुठ्ठ्यावर सगळ्या खुणा मोठ्या करून काढून दिल्या आहेत: थिटा, पाय, वर्गमूळ, कोन, समांतर. काल आतून ऐकत होते. शेजारचा वाचत होता आणि ओंक्या त्याला थांबवत होता.

"थांब. मुळाचं छप्पर कुठवर हाय, ते सांग आधी."

"नुसतं एक्सवर."

"आन् अधिक चार?"

"ते बाहेर."

"मग 'बाहेर' म्हण की लेका. पावसात भिजतंय ते."