सागवान पाहिलं, कॉइल पाहिली का?

आमच्या चंद्रपूरकडे इलेक्ट्रिक गिटार बनवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिल्या वाक्यातच लाकडावर येतं. "सागवानाचीच करून द्या, भाऊ." त्यात नवल नाही. आलापल्लीचं जंगल, बल्लारपूरचा लाकूड डेपो, २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी इथूनच गेलेला साग. चौकट सागाची, मग गिटार का नको? करून देतो. मेच्या ४५ अंशांत आणि पुढच्या पावसाळी दमटपणात साग फारसा हलत नाही. पण तो जड, शिवाय तेलकट. सांधा चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसला नाही तर पुढेमागे सुटतो. आवाजासाठी मात्र मी सागाचे वेगळे पैसे लावत नाही. तारांखालची कॉइल, म्हणजे पिकअप, आणि मागच्या झाकणाखालचं सर्किट यांच्यापुढे लाकडाचा वाटा किरकोळ.

टोनचं बटण बेस वाढवतं, हा सार्वत्रिक समज. साध्या सर्किटमध्ये बॅटरीच नसते, वाढवणार कुठून? बटणाखालचा बदलता रोध, म्हणजे एक पॉट, आणि एक कंडेन्सर, एवढाच संसार. बटण उतरवलं की ट्रेबल कंडेन्सरवाटे ग्राउंडला जातो आणि मागे उरतो तो बेस. स्ट्रॅटोकास्टरची कॉइल अडीच हेन्रीच्या आसपास धरा. पाच-सहा मीटरची केबल जोडली की तिचे पाचशे-सहाशे पिकोफॅरड आपसूक सर्किटमध्ये येतात आणि आवाजाला ४,००० हर्ट्झच्या जवळपास उंचवटा मिळतो. स्ट्रॅटची ती प्रसिद्ध चमक इथली. बटण निम्म्यावर आणलं तर हा उंचवटा नुसता दबतो. पार शून्यावर नेलं, की ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सरळ कॉइलला जोडला जाऊन उंचवटा ७०० हर्ट्झच्या खाली घसरतो. केबल लांबली की तिचे पिकोफॅरड वाढून उंचवटा असाच थोडा खाली येतो, म्हणून मंडपात ॲम्प्लिफायर लांब ठेवून दुप्पट केबल ओढणाऱ्याने ट्रेबल गेल्याची तक्रार गिटारकडे करू नये.

फेंडरने १९५४ च्या स्ट्रॅटला तीन पिकअप दिले, पण टोनची बटणं दोनच, मानेकडच्या आणि मधल्या पिकअपसाठी. ब्रिजकडचा, म्हणजे सगळ्यात टोकदार पिकअप, मोकाट. मी तिथे वायरचा एक तुकडा टाकून त्यालाही टोन जोडतो. दुरुस्ती दोन मिनिटांची, फरक कानाला लगेच कळणारा. गिब्सनच्या लेस पॉलवर चार बटणं. तिच्या १९५० च्या दशकातल्या जुन्या वायरिंगमध्ये टोन व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला जोडलेला असे, त्यामुळे व्हॉल्यूम उतरवला तरी ट्रेबल बऱ्यापैकी टिकतो. पुढे ही जोडणी बदलली. मला जुनीच पटते.

सिंगल कॉइलला २५० किलोओहमचा पॉट, दोन कॉइलच्या हमबकरला ५०० चा, हा रिवाजही उगाच पडलेला नाही. लहान पॉट ट्रेबल जास्त गळू देतो. सिंगल कॉइलचा तिखटपणा त्याने आवरतो, हमबकर मात्र घुसमटतो.

हमबकरची खरी किंमत आमच्या भागातल्या रंगमंचावर कळते. धान कापून झालं की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, वडसा हे त्यांचं माहेर. तिथे मान ऑर्गन-तबल्याचा. गिटार जास्त दिसते ती ऑर्केस्ट्रात आणि भीमगीतांच्या कार्यक्रमांत. मंडप मात्र सगळीकडे सारखाच. जनरेटर, डिमर, पायाखालून गेलेल्या वायरी. सिंगल कॉइल या सगळ्यांची ५० हर्ट्झची घुंऽऽ इमानेइतबारे पकडते. पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवली की चरचर कमी होते, पण चुंबकीय घुमणं तिला जुमानत नाही. त्याला उपाय दुसरी कॉइलच. सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सनसाठी तेच केलं. शेजारी दुसरी कॉइल, तिची गुंडाळणी उलटी, चुंबकाची बाजूही उलटी. तारांचे सूर बेरजेत येतात, घुमणं वजा होतं. स्ट्रॅटचा आवाज सोडवत नसेल त्याला मी मधला पिकअप असा उलटा बसवून देतो. मग स्विचच्या जोडीच्या दोन जागांवर तरी शांतता मिळते.

राहता राहिला कंडेन्सर. तेलात भिजवलेल्या जुन्या कागदी कंडेन्सरसाठी काहीजण हजारो रुपये मोजतात. मूल्य तेच असेल तर दहा रुपयांच्या सिरॅमिकपेक्षा तो वेगळा वाजत नाही. सिरॅमिक छापील आकड्यापासून वीस टक्के इकडेतिकडे असू शकतो, म्हणून मी मूठभर घेऊन मोजतो आणि गिऱ्हाइकाला हवा तो निवडू देतो. बहुतेकांना ०.०२२ पेक्षा थोडा कमीच आवडतो.