कुंपणांतील एल्डर

दक्षिण इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून जून महिन्यांत पायीं फिरणाऱ्या प्रवाशाचें लक्ष शेतांच्या जिवंत कुंपणांकडे गेल्यावांचून राहत नाहीं. हॉथॉर्नचा बहर तेव्हां ओसरलेला असतो आणि त्याच्या जागीं ताटलीसारखे पसरट, सायीच्या रंगाचे फुलांचे गुच्छ दिसूं लागतात. हें एल्डरचें झाड. बांधा वेडावांकडा, साल भेगाळलेली, पान चुरगळलें तर वास उग्र. पहिल्या भेटींत याच्याविषयीं आदर वाटावा असें कांहीं नाहीं.

परंतु तेथील गृहिणीस विचारावें! फुलें साखरेच्या पाकांत लिंबाबरोबर भिजवून ती उन्हाळ्याचें सरबत करिते. सप्टेंबरांत काळीभोर फळें शिजवून मुरंबा घालिते, मद्यहि करिते. फांदीचा मऊ गर कोरून मुलें पिपाण्या बनवीत. युरोपांतील जुन्या प्रयोगशाळांतून विद्युत् दाखविण्यासाठीं रेशमी धाग्यास टांगीत त्या हलक्या गोळ्याहि याच गराच्या असत. जॉन एव्हलिन याने १६६४ सालच्या आपल्या ‘सिल्व्हा’ या वृक्षग्रंथांत याच्या औषधी गुणांची मुक्तकंठानें स्तुति केली आहे.

लोकांना मात्र या झाडाचें प्रेम वाटे तितकेंच भयहि वाटे. याचें लांकूड चुलींत घालूं नये, पाळण्यास तर मुळींच वापरूं नये, असा समज होता. उत्तर समुद्रापलीकडील डेन्मार्कांत या झाडांत एक माता वसते असें मानीत व तिची अनुज्ञा मागितल्यावांचून फांदी तोडीत नसत. हॅन्स अँडरसन याने १८४४ सालीं हिच्यावरच एक गोष्ट लिहिली. तिन्हीसांजेनंतर तुळशीचें पान न खुडणाऱ्या आपल्या घरांना ही भावना परकी वाटूं नये.

हा धाक अगदींच निरर्थक होता काय? या झाडाच्या पानांत, सालींत व कच्च्या फळांत विषारी द्रव्य आहे. कॅलिफोर्नियांत १९८३ सालीं याच जातकुळींतील झाडाचीं कच्चीं फळें पानाफांद्यांसह चिरडून काढलेला रस प्यायल्यानें कित्येकांना ओकाऱ्या होऊन रुग्णालय गांठावें लागलें. पिकलेलीं फळें नीट शिजविल्यावर मात्र खाण्याजोगीं होतात. तेव्हां फांदीस हात घालण्यापूर्वीं क्षणभर थांबावयास लावणारी ती रूढि हितकरच म्हणावी लागेल.

शिवाय या फळांवर हक्क सांगणारे आणखीहि आहेत. ब्लॅकबर्ड, कस्तुर, साळुंकीच्या कुळांतील स्टार्लिंग यांची शरद् ऋतूंत येथें पंगत बसते. चिमुकला ब्लॅककॅप दक्षिणेकडील दीर्घ प्रवासापूर्वीं हींच फळें खाऊन अंगीं चरबी सांठवितो, आणि पक्ष्यांनीं टाकलेल्या बियांतून नवीं झाडें उगवतात. म्हणून फळें वेंचणाऱ्यानें खालचे घोंस घरीं न्यावे. शेंड्याकडचे पांखरांच्या वांट्याचे समजून तसेच राहूं द्यावे. झाडाच्या मातेची अनुज्ञा मागणें आज कोणास हास्यास्पद वाटेल. पण घेण्यापूर्वीं विचारण्याची संवय कोणत्याहि घरांत मुलांना लावण्याजोगीच आहे.